मोबाइलवरील बायबलमध्ये ‘शेजाऱ्यावर’ सापडत का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधून आज छापील पवित्र शास्त्राच्या जोडीने, आणि तरुणांच्या बाबतीत पुष्कळदा त्याच्या जागी, मोबाइलवरील बायबल वापरले जाते. 2008 साली यूव्हर्जनचे मोफत बायबल अ‍ॅप आले, पुढे त्यात मराठी भाषांतरेही उपलब्ध झाली, आणि ज्या घरात एकच जाडजूड शास्त्र कपाटात जपून ठेवलेले असे, त्या घरातल्या प्रत्येकाच्या हाती आता ते आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मंडळीतल्या बायबल शिकवणीच्या वर्गांच्या, शिक्षकांना धड्यांची तयारी शिकवताना एक गोष्ट मला सतत जाणवते. नुसते वाचायचे असेल तर ही सोय उत्तम आहे. अभ्यास करायचा म्हटला, म्हणजे वचन शोधायचे, त्यावर टिपण करायचे आणि तेच टिपण घरच्या संगणकावर उघडायचे म्हटले, की मराठी वाचकाची पदोपदी अडवणूक होते. या अडवणुकीची कारणे ठाऊक आहेत आणि ती दूर करता येण्यासारखी आहेत, म्हणून हे पत्र.

पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शोधाचा आहे. ‘तू आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ ही आज्ञा शब्बाथ शाळेतल्या लहान मुलालाही पाठ असते. ती लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, मत्तयच्या बाविसाव्या अध्यायात आहे, रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे, याकोबाच्या पत्रातही आहे. एखादी शिक्षिका हे सर्व संदर्भ एकत्र करण्यासाठी ‘शेजाऱ्यावर’ हा शब्द टंकते आणि पडद्यावर उत्तर येते की असा शब्द कोठेही आढळला नाही. समोर अध्याय उघडलेला असतो, शब्द डोळ्यांना दिसत असतो, तरी शोध म्हणतो की तो नाही. शिक्षिकेला वाटते, आपलेच काहीतरी चुकले.

तिचे काहीही चुकलेले नसते. ‘ऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व भाषांची अक्षरे यंत्रात साठवण्याच्या सामाईक पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, जोडला जातो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, मग हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. दोन्ही रीती मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्हींचे रूप एकसारखेच उमटते, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. बायबलचा मजकूर एका रीतीने टंकलेला असला आणि वाचकाच्या मोबाइलचा कळफलक दुसरी रीत वापरत असला, की शोध रिकाम्या हाताने परततो. एकाच माणसाला मोबाइलवर जे सापडते ते लॅपटॉपवर सापडत नाही, याचेही कारण बहुधा हेच असते, कारण दोन्ही ठिकाणचे कळफलक वेगळे असतात. दुसऱ्या, खऱ्या, वाऱ्याला, किनाऱ्यावर, करणाऱ्या, देणाऱ्या अशा शब्दांवाचून मराठीचे एक पान पुरे होत नाही, हे ध्यानात घेतले तर या अडचणीचा आवाका लक्षात येईल.

यावर आज लगेच करता येण्याजोगा उपाय असा की पूर्ण शब्द न टंकता त्याचा आरंभीचा, न बदलणारा भाग टंकावा. ‘शेजा’ एवढेच लिहिले तर शेजारी, शेजाऱ्याला, शेजाऱ्यावर ही सगळी रूपे एकदम मिळतात. ‘पूर्ण शब्दच शोधा’ असा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये निवडलेला असेल तर तो मात्र आधी काढून टाकावा. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की बहुधा त्याचे रूपच पालटते. इंग्रजीसाठी बेतलेल्या शोधाला हे माहीत नसते, त्यामुळे ही सवय प्रत्येक मराठी अभ्यासकाने लावून घेतलेली बरी. तरीही हा वाचकाने काढलेला आडमार्ग आहे. शोध घेण्यापूर्वी दोन्ही रीती एकच मानाव्यात, एवढी सुधारणा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी केली तर सर्वांचाच त्रास वाचेल, आणि जाणकाराला विचारल्यास ते फार मोठे काम नाही असेच तो सांगेल.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नही याच्याच जोडीचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 साली आले. त्याआधीच्या मजकुरात ‘प्रीति’ आणि ‘त्यानें’ अशी रूपे असत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून केलेले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये बाहेर आले. असे जुने भाषांतर युनिकोडमध्ये आणताना मूळ लेखन जसेच्या तसे राखलेच पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. पण शोधाने मात्र ‘प्रीती’ टंकणाऱ्यालाही ‘प्रीति’ दाखवली पाहिजे.

दुसरा प्रश्न टिपणांचा. माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकेने अनेक वर्षे रंगवून ठेवलेली वचने आणि त्यांखालची टिपणे नवा मोबाइल घेताच दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले की जुन्या मोबाइलवर त्यांनी गुगल खात्याने प्रवेश केला होता आणि नव्यावर वेगळ्या ईमेलने; अ‍ॅपच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या व्यक्ती होत्या. त्यांची टिपणे परत मिळाली. जे खाते न उघडताच अ‍ॅप वापरत असतात, त्यांची टिपणे केवळ त्या मोबाइलमध्येच असण्याचा संभव असतो, आणि मोबाइल बिघडला किंवा हरवला की ती गेलीच. म्हणून मोबाइल बदलण्यापूर्वी आपण कोणत्या खात्याने आत गेलो आहोत हे सेटिंगमध्ये पाहून लिहून ठेवावे, नव्या मोबाइलवर त्याच खात्याने प्रवेश करून सर्व टिपणे आल्याची खात्री करावी आणि मगच जुन्यावरचे अ‍ॅप काढावे. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून अ‍ॅपच्या साठवणीचे नियम कडक झाले आहेत. अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेली पुस्तके आणि टिपणे ते अ‍ॅप काढताच त्याच्याबरोबर पुसली जातात. ‘बिघाड झाला तर काढून पुन्हा टाका’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. बायबल अभ्यासाच्या अ‍ॅपबाबत तो आधी बॅकअप घेतल्यावाचून कोणीही मानू नये.

एकाहून अधिक यंत्रे वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आरंभीच पाहायला हवी. इ-स्वोर्ड हे बायबल अभ्यासाचे 2000 सालापासूनचे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर पुष्कळ पाळक (मंडळीचे धर्मगुरू) वापरतात, परंतु त्याच्या निर्मात्याने अँड्रॉइडसाठी आवृत्ती काढलेली नाही. त्यामुळे संगणकावरचा अभ्यास मोबाइलवर जसाच्या तसा नेता येत नाही. याउलट क्रॉसवायर बायबल सोसायटीच्या स्वोर्ड या वेगळ्या, मोफत प्रकल्पातील ग्रंथ संगणकावर झिफॉस या सॉफ्टवेअरमध्ये आणि अँड्रॉइडवर अँड बायबल या अ‍ॅपमध्ये, असे दोन्हीकडे उघडतात. पण तेथेही ग्रंथ सामाईक असतो, टिपणे नसतात. मराठी भाषांतरांपैकी इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन मुक्त परवान्याखाली असल्याने ते निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येते. इतर भाषांतरांच्या बाबतीत स्वामित्वहक्क पाहूनच पुढे जावे.

मराठीच्या शेजारी इंग्रजी किंवा हिब्रू मजकूर उघडणाऱ्यांना कधी कधी वचने जुळत नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. हा बिघाड नव्हे. हिब्रूमध्ये स्तोत्राच्या मथळ्यालाही वचनक्रमांक दिलेला असतो, म्हणून आपल्या एक्कावन्नाव्या स्तोत्राचे पहिले वचन तेथे तिसरे असते. मलाखीचे आपल्याकडे चार अध्याय आहेत, हिब्रूत तीन. चांगले सॉफ्टवेअर हा हिशेब स्वतः सांभाळते. ज्यात तो सांभाळला जात नाही, त्यात तौलनिक अभ्यास करताना क्रमांकावर विसंबू नये, वचनाचा आशय पाहून जुळवणी करावी.

शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले संदेश आणि धडे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ते युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच सॉफ्टवेअरमध्ये घ्यावेत; नाहीतर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंताच पदरी पडतो. अनेक ज्येष्ठ पाळकांचे उभ्या आयुष्याचे काम अशा फाइलींमध्ये पडून आहे. ते लिहिणारे हयात आहेत तोवर हे रूपांतर व्हावे, कारण त्यात राहिलेल्या चुका त्यांनाच चटकन ओळखू येतील.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मराठी बायबलचा डिजिटल मजकूर ज्या संस्थांकडे आहे आणि जे अ‍ॅप बनवतात, त्यांनी ‘ऱ्या’च्या दोन्ही रीती आणि ऱ्हस्व-दीर्घाचे भेद सांभाळणारा शोध द्यावा, आणि वाचकाची टिपणे साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढण्याची सोय ठेवावी. मंडळ्यांनी पाळक, शब्बाथ शाळेचे शिक्षक आणि भगिनी मंडळे यांच्यासाठी वर्षातून एखादी दुपार या कामाला द्यावी; तरुण संघातली मुले हे आनंदाने शिकवतील. राज्य मराठी विकास संस्थेलाही माझी विनंती आहे की शोधाचा हा प्रश्न तिने हाती घ्यावा. ज्ञानेश्वरीचा वा तुकोबांच्या गाथेचा अभ्यास मोबाइलवर करणाऱ्यालाही ‘दुसऱ्या’ आणि ‘खऱ्या’ असे शब्द शोधताना हीच अडचण येते, आणि मराठी शोधासाठी एक सामाईक नियमावली तयार झाली तर ती सर्व ग्रंथांच्या डिजिटल आवृत्त्यांना लागू करता येईल.

आपली विश्वासू,
एक शब्बाथ शाळा शिक्षिका, अहिल्यानगर