बिलाच्या नावामागचे शेपूट

महोदय,

‘थकीत बिल’, ‘प्राप्तिकर परतावा’ अशा विषयाच्या ईमेलला जोडलेल्या झिपमध्ये अनेकदा ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाईल असते, म्हणजे बिल नव्हे, तर उघडताच चालू होणारा प्रोग्राम. विंडोज ओळखीचे एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलचा प्रकार सांगणारे नावामागचे शेपूट, लपवते, म्हणून दिसते फक्त ‘बिल.पीडीएफ’, चिन्हही पीडीएफचेच चिकटवलेले. २००० साली ईमेलमधून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ वापरून हाच डाव साधला होता. तरीही ही लपवाछपवी आजही आपोआप चालूच असते, याचा संताप येतो.

विंडोज ११ मध्ये फाईल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधील ‘शो’त जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. बिलाच्या नावाशेवटी ईएक्सई, जेएस, व्हीबीएस किंवा एससीआर दिसले की फाईल थेट डिलीट करा. एलएनके हे शॉर्टकट फाईलचे शेपूट मात्र एवढे करूनही दिसत नाही. ‘टाइप’च्या रकान्यात ‘शॉर्टकट’ लिहिलेले असते, तेवढे पाहा. झिपचा पासवर्ड त्याच ईमेलमध्ये दिलेला असेल, तर अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये, हाच बहुधा त्यामागचा हेतू.

चुकून उघडलीच तर आधी वायफाय बंद करा, केबल काढा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या संगणकावरून. त्याच संगणकावर टाइप केलेला नवा पासवर्डही चोराकडे जाऊ शकतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर फोन करा.

— एक संगणक प्रशिक्षक, ठाणे