विल्या, शनिवार रात्रीच्या आत उत्तर दे

नाना पेठ, पुणे
गुरुवार, रात्रीचे दीड

प्रिय विल्या,

दिवाळीपासून फोन नाही, मेसेज नाही, आणि आता एकदम पत्र म्हणजे याला पैसे पाहिजेत असं वाटलं असेल तुला. नकोयत. शुगर आहे तशीच आहे, गोळी वाढवलीय, पाठ दुखते, संपलं. मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते मला पक्याकडून कळलं, तू सांगितलं नाहीस, पण मी तरी कुठे विचारलं होतं.

मुद्द्यावर येतो. मागच्या शनिवारी कॅम्पातल्या एका चर्चमध्ये लग्न होतं, कॅथलिक, मराठीत मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना. पोरगी पुण्याची, आजोळ वसईचं. चर्चच्या ऑफिसात आधी एक कागद दिला होता, फ्लॅश नको, वेदीच्या पायरीवर चढू नका, बाजूच्या वाटेनं फिरा असलं काय काय. मी सही केली. वाचला नाही. वीस वर्षं लग्नं काढतोय, मला काय शिकवता, हा माज. तू ओळखतोस तो.

अरे आपल्याकडे मंगल कार्यालयात व्हिडिओवालाच मालक असतो ना. गुरुजी जरा थांबा, हार परत घाला, वहिनी इकडे बघा, मंगळसूत्र हळू. गुरुजी पण बिचारे मंत्र अर्ध्यात सोडून थांबतात, एकानं तर मला विचारलं होतं, सप्तपदीची स्पीड ठीक आहे का? तीच सवय घेऊन आत गेलो.

नवरा-नवरीच्या शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, सगळं मस्त. लॅपल माईक नवऱ्याला, रेकॉर्डर पोडियमला, दुसरा कॅमेरा स्टँडवर लॉक करून दुसऱ्या बाकाच्या कडेला, वेदीवर फोकस. त्या बाकावर आजी बसल्या होत्या, लाल लुगडं, वसईकडच्या बायका नेसतात तसं. मग मिस्सा पुढे गेली आणि मला वाटलं आता काय, आता प्रार्थनाच आहेत. सगळे गुडघ्यावर बसले. नवरीनं डोळे मिटले, ओठ हलतायत, आणि वरच्या खिडकीतून उजेड बरोबर गालावर. विल्या, पंच्याऐंशीची लेन्स लावलेली, अ‍ॅपर्चर 1.8, मागचं सगळं धूसर, लोणी. मी सरळ पायरीवर चढलो, वेदीकडे पाठ केली आणि शॉट घेतला. तेवढ्यात मागे बारकी घंटा वाजली. परत वाजली. मी हललो नाही. आयुष्यातला सगळ्यात भारी शॉट असेल तो.

कोणी ओरडलं नाही. हेच वाईट झालं.

हॉलवर जेवणाच्या वेळी आजींनी हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, बाळा, फादरनी वर उचललं ना, तेवढं मला नाय दिसलं, तू काढलंयस ना, तेवढं मला व्हिडिओत दाखव. मी म्हणलं हो आजी, दोन दोन कॅमेरे होते. वर एक जिलबी पण खाल्ली त्यांच्या हातून, शुगर गेली तेल लावत.

रविवारी रात्री एडिटला बसलो. माझ्या कॅमेऱ्यात नवरीच नवरी. म्हणलं, स्टँडवरच्यात असेल. लावला. तर वेदीच्या जागी मी. काळा टी-शर्ट, पोट, चेहऱ्याच्या जागी कॅमेरा. सगळं चर्च गुडघ्यावर आणि मी एकटा उभा, बिजलीच्या खांबासारखा. फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात आजींचं डोकं दिसतं, ते आधी डावीकडे जातं, मग उजवीकडे, मग खाली जातं. अडतीस सेकंद. मी मोजले, चार वेळा लावून. आवाज मात्र एकदम साफ आलाय. घंटा दोन्ही वेळा.

सोमवारी फादरना भेटायला गेलो. चिडतील असं वाटलं होतं, त्यांनी चहा मागवला. (तुझे पप्पा आठवले. प्रत्येक वेळी कप हातात देऊन म्हणायचे, घे, 1890 मध्ये इथेच पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांनी पण घेतला होता, आणि मग प्रायश्चित्त घ्यावं लागलं. दर वेळी तोच जोक, दर वेळी आपण हसायचो.) फादर म्हणाले, पूर्वी लॅटिन मिस्सा असायची, फादर वेदीकडे तोंड करून उभे, लोकांकडे पाठ. मागच्यांना काय चाललंय ते दिसायचं नाही, म्हणून भाकर आणि प्याला डोक्याच्या वर उचलायचे आणि घंटा वाजवायची, की आता बघा. मग 1962 ते 65 रोमला मोठी परिषद झाली, त्यानंतर आम्ही लोकांकडे वळलो. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, आम्ही पाठ वळवली, आता तुम्ही आणून उभी केलीत.

मी हसलो. घरी येताना क्वार्टर गेटच्या सिग्नलला हसू गेलं.

पण तिथे बसल्या बसल्या मी काय विचारलं माहितीये? म्हणलं, फादर, येत्या रविवारी मिस्सा तुम्हीच म्हणणार ना? तीच वेदी, तेच कपडे जमले तर, मी मागे उभा राहून तेवढं काढतो आणि जोडतो. अडतीस सेकंदांचा प्रश्न. रंग मी दोन मिनिटांत मॅच करतो, आवाज खराच वापरतो, कोणाच्या बापाला कळणार नाही. ते जरा वेळ कपात बघत बसले. मग म्हणाले, रविवारी आठला आहे, मागून काढलंत तर माझी ना नाही, आजींना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

आता तू म्हणशील हे मला का सांगतोस, आमचं चर्च वेगळं, कॅथलिकांचं कॅथलिकांना विचार. तुलाच सांगतोय कारण तुला पंचहौद आठवत असेल. 2006, तिथल्या चर्चमध्ये तुझ्या ताईचं लग्न. मिनी डीव्हीची साठ मिनिटांची टेप बरोबर अंगठीच्या वेळी संपली आणि मी बदलत बसलो. बाहेर पायरीवर मी ताईला म्हणलं, परत एकदा घाला, क्लोजअपच तर आहे, कुठे कळतंय. आणि तू सगळ्या पाव्हण्यांसमोर माझी कॉलर धरलीस, आमच्या लग्नात खोटं काढायचं नाही. आठ महिने बोललो नाही आपण. आठ महिने, मी लक्ष्मी रोडवरून जाताना तुझ्या दुकानाची बाजू सोडून पलीकडनं जायचो. आणि कर्जाचे तीन हजार तू त्याच आठ महिन्यांत बुडवलेस ते वेगळं, ते मी विसरलेलो नाही.

इतकी वर्षं मला वाटत आलंय की तू उगाच तमाशा केलास. आता रविवारपासून वाटतंय तू बरोबर होतास. आणि मग परत आजींचं ते डोकं दिसतं, आणि वाटतं, तू बरोबर असलास तरी ताईच्या व्हिडिओत अंगठी नाही ती नाहीच. टाळ्या आहेत, कौतुक आहे, पाळक काहीतरी बोलतायत आणि मधे निळा पडदा.

नवरीला यातलं काही माहीत नाही. तिला तो क्लोजअप पाठवला, म्हणाली दादा टीझरला हाच पहिला टाका. टाकू का? आजींचे पण दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.

तर एक काम कर. तुझं मत मला माहितीये, ते नको सांगूस. ताईला विचार. तेव्हा तिला कोणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही, तू पण नाही, आपण दोघं कॉलर धरून उभे होतो. तिला विचार, त्या दिवशी पायरीवर परत अंगठी घालायला तिची तयारी होती का, आणि आज ते व्हिडिओत असतं तर तिला बरं वाटलं असतं का. मी विचारलं तर माझं मन राखायला काहीतरी बोलेल.

रोहनची दहावी आहे ना यंदा? जास्त डोक्यावर बसू नको त्याच्या. नवीन गाडीचा फोटो बघितला, रंग भंगार आहे. नगरला येईन तेव्हा कयानीची श्रूजबेरी आणतो, मावशींना सांग.

शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागाच आहे, बॅटऱ्या चार्जिंगला लावून बसतो. मिस्सा आठला आहे.

तुझा,
संज्या