दादाच्या झोपेबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "सगळं ठीक आहे" म्हणून आईच्या हातात फोन देतात, म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात तिकडे होते तेव्हा दोन रात्री दादाच्या दाराबाहेर बसले. तो घोरतो हे काही नवीन नाही. पण घोरणं मध्येच बंद पडतं. मी आकडे मोजले. बावीसपर्यंत गेले, तेव्हा कुठे बुडता माणूस वर यावा तसा त्याने श्वास ओढला आणि पुन्हा घोरायला लागला. पुन्हा बंद. स्किझोफ्रेनियासाठी ओलान्झापिनची गोळी सुरू झाल्यापासून त्याचं वजन किती वाढलंय, गळा किती भरलाय, तुम्ही बघताच आहात. वजन वाढलं की झोपेत श्वास अडकण्याचा धोकाही वाढतो, आणि मग बारा तास लोळूनही माणूस पेंगतच राहतो. आपण ते गोळ्यांच्या नाहीतर आळसाच्या खात्यावर टाकून मोकळे. डॉक्टरही स्किझोफ्रेनिया म्हटला की झोप बिघडायचीच असं धरून चालतात. घाईघाईत "झोप?" विचारतात, आणि दादाने तोंड उघडायच्या आत बाबा सांगतात, "भरपूर!"

मी दादालाच विचारलं. म्हणाला, दिवा मालवला की डोक्यातले ते आवाज वाढतात, म्हणून तीनपर्यंत खुर्चीतच बसतो. मग सांगत का नाहीस? "सांगितलं की गोळी वाढवतात."

यावर काय बोलणार?

आई, तुझी झोपेची गोळी अधूनमधून त्याला देतेस, ती देऊ नकोस. श्वास अडकत असेल तर तसल्या गोळीने आणखी अडकू शकतो. त्याच्या स्वतःच्या गोळ्यांना मात्र आपल्या मनाने हात लावायचा नाही.

निद्रानाशावर गोळीशिवायचा उपचारही आहे, सीबीटी-आय म्हणतात. झोपेच्या वेळा, सवयी आणि अंथरुणाची धास्ती यांवर काही आठवडे काम करतात. दादासारख्यांनाही त्याचा उपयोग होतो. पण तो शिकवणारे मोजके, त्यात 'या पेशंटला झेपणार नाही' असं न बघताच ठरवणारे बरेच. बुद्धिबळात तो मला अजून हरवतो, म्हणावं!

पुढच्या तपासणीला मी येतेय. स्लीप स्टडी, म्हणजे रात्री झोपेत श्वास कसा चालतो ते मोजणारी तपासणी, करून घ्यायची का, ते विचारू. दादाने कधी झोपलो, कधी उठलो ते वहीत लिहायला घेतलंय. ती वही तोच दाखवेल. बाबा, त्या दिवशी तुम्ही बाहेर बसा. रागावू नका.

तुमची,
धाकटी