संघटनेच्या बैठकीतला भाव महागात पडेल

मा. संपादक महोदय,

सोयाबीन-तुरीचा हंगाम तोंडावर आला की मराठवाड्यात व्यापाऱ्यांच्या बैठका सुरू होतात. जीएसटी, वीजदर, हमाली यांवर बोलणे होते आणि उठता उठता कुणीतरी म्हणतो, "या भावाच्या वर कुणी जायचं नाही." लातूरचा डाळमिलवाला असो की जालन्याचा सळई कारखानदार, या एका वाक्याला मान डोलावली तरी तो स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये (स्पर्धा मारणाऱ्या समजुतींना बंदी) सापडू शकतो.

गिऱ्हाइकासाठी भाव चढवला तरच कायदा लागतो, हा पक्का गैरसमज आहे. कायद्यात खरेदीचा भावही आहे. शेतकऱ्याच्या मालाची बोली दाबायला खरेदीदार एकत्र आले, तर तेही संगनमतच. तालुके वाटून घेणे, उत्पादन ठरवून रोखणे, निविदेत साटेलोटे करणे हे त्याच पंगतीतले. लेखी करार लागत नाही, तोंडी समजूत पुरते. धंदा लहान म्हणून सूटही नाही.

निविदांमध्ये तर हे सर्रास चालते. "सोबतीला दोन भरा" म्हणत एकाच माणसाने तीन निविदा भरायच्या. मग तिन्हींची अनामत एकाच खात्यातून जाते, कागद एकाच कॉम्प्युटरवरून चढतात, शुद्धलेखनाच्या चुकाही सारख्याच निघतात. धान्याच्या गोदामात कीडनाशक म्हणून ठेवतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी भारतीय अन्न महामंडळाने २००९ मध्ये निविदा काढली. तीन कंपन्यांचा दर एकच आला : किलोला ३८८ रुपये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे संगनमत झाल्याचे मान्य केले, पण दंड त्या मालाच्या उलाढालीपुरता ठेवला. मात्र या कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने उलाढाल म्हणजे धंद्याची एकूण उलाढाल झाली.

अशा संगनमताला (कार्टेलला) दंडाची कमाल मर्यादा अशी : जितकी वर्षे संगनमत चालले, त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याची तिप्पट किंवा उलाढालीचे १० टक्के, यांतले जे जास्त ते. वर्षाला ८ कोटींची उलाढाल आणि २ टक्के नफा असलेल्या मिलने तीन वर्षे असे संगनमत चालवले, तर दंड २ कोटी ४० लाखांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे पंधरा वर्षांची कमाई!

संघटना बंद करा, असे मुळीच म्हणणे नाही. करासाठी निवेदन द्या, प्रतवारीवर बोला, एखादा थकबाकीदार व्यापारी शेतकऱ्यांचे पैसे बुडवत असेल तर आवाज उठवा. भावाचा विषय निघाला की मात्र तिथेच हरकत घ्या, ती इतिवृत्तात नोंदवायला लावा आणि बैठक सोडा. नुसते गप्प बसणे बचाव ठरत नाही. ग्रुपवर 'आजचा ठरलेला दर' आला तर लगेच लेखी नकार द्या.

आधीच अडकलेल्यांनी वकिलाला गाठून भारतीय स्पर्धा आयोगाकडे दंडसवलतीचा अर्ज करावा. पूर्ण आणि महत्त्वाची माहिती सर्वांत आधी देणाऱ्याला १०० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, दुसऱ्याला ५० आणि तिसऱ्याला ३० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे इथे एकेक दिवस मोलाचा आहे.

– एक करसल्लागार, लातूर