मुख्यमंत्र्यांना खुले पत्र: लहान कुटुंबाची अट काढा, घरून कामाचा प्रश्न सोडत काढून तपासा

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी मुले, १.७ भरला. लोकसंख्या दीर्घकाळ टिकायला तो २.१ च्या आसपास लागतो. तरीही राज्याच्या सेवेत येणाऱ्या उमेदवाराकडून २००५ च्या नियमांप्रमाणे लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र घेतले जाते, आणि तिसरे मूल झाले की तो अपात्र ठरतो. या अटीबद्दल आणि नोकरदार आईवडिलांच्या वेळेबद्दल हे पत्र आहे. श्रम आणि लोकसंख्येचे अर्थशास्त्र हा आमचा विषय. त्यात चीनच्या एका उद्योजकाने केलेले काम आपल्या सचिवांनी बारकाईने वाचावे असे आम्हाला मनापासून वाटते.

जेम्स लिआंग हे त्यांचे नाव. १९९९ मध्ये शांघायमध्ये सुरू झालेल्या सीट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीचे ते सहसंस्थापक. आज ती ट्रिप.कॉम समूह म्हणून ओळखली जाते. कंपनी जोरात असताना ते स्टॅनफर्डला गेले, २०११ मध्ये अर्थशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली आणि पुढे पेकिंग विद्यापीठात संशोधन करू लागले. चीनमध्ये एक मूल धोरण पूर्ण अमलात असतानाच ते मागे घ्या असे जाहीरपणे सांगणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ते एक.

त्यांचा पहिला प्रयोग २०१० च्या डिसेंबरमध्ये शांघायच्या कॉल सेंटरमध्ये सुरू झाला. घरून काम करायला तयार असलेल्यांमधून स्वतंत्र खोली, ब्रॉडबँड आणि किमान सहा महिन्यांची नोकरी असलेले २४९ जण निवडले. सम तारखेला जन्मलेले आठवड्यातले चार दिवस घरून, विषम तारखेचे कार्यालयातून. संगणक, सॉफ्टवेअर आणि पगाराची पद्धत दोन्हीकडे एकच. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातले ९ टक्के सुट्ट्या आणि मधली विश्रांती कमी झाल्यामुळे, तर ४ टक्के दर मिनिटाला जास्त कॉल हाताळल्यामुळे. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले.

पण बिघडले काय, तेही या प्रयोगाच्या अहवालात आहे. तेवढीच कामगिरी असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली आणि एकटेपणाची तक्रार वाढली. नंतर सर्वांना निवड खुली केल्यावर निम्म्याहून अधिक लोकांनी आपली जागा बदलली आणि ज्यांना घर मानवत नव्हते ते कार्यालयात परतले. मग फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला. म्हणजे सरसकट सक्तीने फायदा घटतो.

दुसरा प्रयोग आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. २०२१-२२ मध्ये, सहा महिने, १,६१२ पदवीधर कर्मचारी: अभियंते, विपणन आणि वित्त विभागातले लोक. यावेळी विषम तारखेच्या कर्मचाऱ्यांना फक्त बुधवार आणि शुक्रवार घरून कामाची मुभा होती. दिवस ठरलेले असल्याने बाकीचे तीन दिवस सगळे समोरासमोर असत आणि पहिल्या प्रयोगातला बढतीचा तोटा दिसला नाही. नोकरी सोडण्याचे प्रमाण ७.२ वरून ४.८ टक्क्यांवर आले, आणि ही घट स्त्रिया, कनिष्ठ कर्मचारी व लांबून येणाऱ्यांमध्ये ठळक होती. साहेबलोकांचे मतही बदलले: आधी त्यांना उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल असे वाटत होते, शेवटी ती १ टक्क्याने वाढली असे त्यांचे म्हणणे पडले.

या प्रयोगांत जन्मदर मोजलेला नाही. घरून कामामुळे मुले वाढतात, हे लिआंग यांचे मत आहे, मोजून हाती आलेला निकाल नव्हे. कोणी आपल्याला ते सिद्ध झाले म्हणून सांगितले, तर कृपया थांबवा.

पैशाचे गणित मात्र कठोर आहे. लिआंग यांच्या सहभागातल्या यूवा लोकसंख्या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये एक मूल १७ वर्षांचे होईपर्यंतचा खर्च सुमारे ५,३८,००० युआन काढला. लिआंग यांची कंपनी २०२३ पासून तीन वर्षे नोकरी झालेल्यांना दर मुलामागे वर्षाला १०,०००, पाच वर्षांत ५०,००० युआन देते. म्हणजे दहावा हिस्साही नाही. चीन सरकारची २०२५ ची योजना मूल तीन वर्षांचे होईपर्यंत वर्षाला ३,६०० युआनची, म्हणजे एकूण जेमतेम दोन टक्के. आणि अट उठवायला झालेला उशीर पैशाने भरून येत नाही: १ जानेवारी २०१६ पासून दुसऱ्या मुलाला परवानगी मिळाली, पण त्या वर्षी जितकी मुले जन्मली, त्याच्या जवळजवळ निम्मीच, ९०.२ लाख, २०२३ मध्ये जन्मली.

म्हणून दोन मागण्या. पहिलीला प्रयोगाची गरज नाही: २००५ ची अट मागे घ्या. आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांमधली अशी अट २०२४ मध्ये काढली. आपल्याकडे ती ग्रामपंचायत कायद्यातही आहे, तिचाही विचार व्हावा.

दुसरी, एखाद्या विभागात दोन ठरावीक दिवस घरून कामाचा प्रयोग करा. पण वाटणी जन्मतारखेवर करू नका. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलेले इतके लोक आहेत की विषम गट फुगेल आणि त्यात एका वयोगटाचे, ग्रामीण भागातले कर्मचारी जास्त येतील. सर्वांसमोर संगणकीय सोडत काढा. सरकारी नोकरी फार कमी लोक सोडतात, त्यामुळे तो मापदंड इथे चालणार नाही. शांघायच्या दुसऱ्या प्रयोगातसुद्धा दोन गटांत नोकरी सोडणाऱ्यांचा फरक फक्त वीसएक माणसांचा होता. त्याऐवजी फायली निकाली निघण्याचे दिवस, घेतलेल्या रजा, बदलीचे अर्ज आणि दोन्ही गटांच्या बढत्या मोजा. घरी स्वतंत्र खोली नसलेल्यांची नोंद वेगळी ठेवा, कारण मुंबईच्या एका खोलीच्या घरात शांघायचा निकाल लागू होईलच असे नाही. जननदरावर काही बोलायचे असेल, तर सहा महिने पुरणार नाहीत. किमान तीन वर्षे आणि कित्येक हजार कर्मचारी लागतील.

काय मोजणार आणि कसे, हे सोडतीच्या आधी शासन निर्णयात प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
श्रम व लोकसंख्या अर्थशास्त्राचे अभ्यासक