काटकसरीची सुरुवात नेहमी खालूनच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. सगळी बिलं, व्हाउचरं माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे कुठे हात आखडलाय आणि कुठे सैल सोडलाय, हे मला लगेच दिसतं.

मंदीचं कारण सांगून आमच्याकडे वार्षिक पगारवाढ रोखली, ओव्हरटाइम बंद केला, रात्रपाळीची बस काढून घेतली. निवृत्तांच्या जागा भरल्याच नाहीत. त्यांचं काम उरलेल्यांच्या माथी आलं. मग हातमोज्यांचा नियम निघाला. फाटकी जोडी जमा करायची, तीवर सुपरवायझरची सही आणायची, तेव्हा नवी मिळणार. वेल्डिंगमधले एक जुने कामगार ती जोडी घेऊन सहीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. अंगठ्याशी जळून भोक पडलं होतं, आणि तरी 'अजून चालतील की' असं त्यांना ऐकवलं गेलं. त्याच आठवड्यात संचालकांच्या दालनातल्या नव्या फर्निचरचं बिल 'तातडीचे' असा शेरा घेऊन माझ्याकडे आलं. ते पास करताना मला फार वाईट वाटलं.

हेच कामगार पूर्वी पाळी संपली तरी थांबायचे. मशीन कुठे अडतंय, हे पुढच्या माणसाला दाखवून मगच निघायचे. आता भोंगा झाला की कार्ड पंच करून थेट गेटबाहेर. त्यांना काय म्हणून बोल लावायचा? हे नुकसान मात्र माझ्या कुठल्याच खात्यात दिसत नाही.

अमेरिकेतले संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत काही आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. एकीकडे व्यवस्थापनाने आकडे मांडून, खेद व्यक्त करून, प्रश्नांना उत्तरं देऊन ती समजावली. दुसरीकडे थोडक्यात कळवून मोकळे झाले. कपात सारखीच होती, पण दुसऱ्या कारखान्यात चोऱ्याही जास्त झाल्या आणि नोकरी सोडणारेही जास्त निघाले.

कंपनी खरोखर अडचणीत असेल तर आम्हीही झळ सोसू, पूर्वी सोसलीही आहे. पण ताळेबंद आधी कामगार प्रतिनिधींपुढे ठेवा, पहिली कात्री वरच्या पगारांना आणि भत्त्यांना लावा, आणि हातमोज्यांसारख्या सुरक्षेच्या वस्तूंना तरी हात लावू नका.

– हिशेब विभागातील एक कर्मचारी
(कृपया नाव छापू नये.)