ताई, तांबू आता डोकं दडवत नाही

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते नुकताच साप घरी आणलेल्या आणि त्याला हात कसा लावायचा या काळजीत असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव कुठे घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

तांबू आमच्याकडे आला तेव्हा बॉल पायथनबद्दल मी बरंच वाचलेलं होतं. हा अजगर बिनविषारी असतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत तो दिवसा बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत पडून राहतो, अंधारात बाहेर पडतो आणि घाबरला की डोकं मधोमध घालून अंगाचा गोळा करतो. हे सगळं ठाऊक असूनही समोरचा गोळा सुटायची चिन्हं दिसेनात, तेव्हा मी तुम्हाला फोन केला. विचारलं, याला माझी सवय व्हायला किती दिवस लागतील? तुम्ही उलट मलाच विचारलंत, त्याच्या पेटीचं तापमान किती आहे?

तेव्हा मला या प्रश्नाचा रोख कळला नव्हता. मला हाताळणीबद्दल ऐकायचं होतं आणि तुम्ही थर्मोस्टॅटबद्दल बोलत होतात. उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सियस, थंड बाजू २४ ते २७ च्या आसपास, आर्द्रता साधारण ६० टक्के, आणि लपायच्या जागा दोन, एक या टोकाला, एक त्या टोकाला. त्याही ऐसपैस नकोत. वेटोळं घालून बसल्यावर अंग भिंतींना टेकलं पाहिजे, पाठीला चारी बाजूंनी आधार लागला की त्याला सुरक्षित वाटतं. लपायची जागा एकच असली तर ऊब घ्यायची की लपायचं, यातलं एकच त्याच्या वाट्याला येतं, आणि असा साप दिवसभर बेचैन राहतो. त्या बेचैन सापाला तुम्ही हातात घेणार आणि वर म्हणणार की हा तापट आहे, असं तुम्ही म्हणालात. तांबूच्या पेटीत दुसरी जागा ठेवली, मधला उघडा भाग पानाफांद्यांनी भरला, आणि रात्री तो पेटीभर फिरायला लागला. मी अजून बोटही लावलं नव्हतं.

मग तुम्ही थांबायला सांगितलंत. निदान आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. पाणी बदलायचं, घाण काढायची आणि पेटी बंद करायची. दोन-तीनदा त्याने बिनघोर खाल्लं की मग पुढचा विचार. आणि पुढेही कायम, खाल्ल्यावर किमान ४८ तास त्याला उचलायचं नाही, कारण पोटात भक्ष्य असताना घाबरला तर तो ते ओकून टाकतो आणि त्याचा अंगावर फार ताण येतो. घरात नवा प्राणी आलाय, घरचे रोज विचारताहेत, मुलीला तो हातावर हवाय, अशा वेळी थांबणं हेच सगळ्यात कठीण असतं. तुम्ही दर वेळी तितक्याच शांतपणे ‘अजून नाही’ म्हणालात, म्हणून मलाही घरात तसं म्हणता आलं.

पण तुमचे खरे आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीसाठी. पहिल्यांदा त्याला बाहेर घेतलं तेव्हा तो माझ्या हातावर अजिबात हलला नाही. मी खूश होऊन तुम्हाला व्हिडिओ पाठवला, बघा किती शांत आहे. तुम्ही लिहिलंत, हा शांत नाही, गोठलाय. आणि मग कुठे काय बघायचं ते एकेक करून दाखवलंत. मान आखडून मागे घेतलेली. डोकं वेटोळ्याच्या आत सरकवत आणलेलं. जीभ बराच वेळ बाहेरच आलेली नाही. श्वास जोरजोरात. अंग मूठ वळल्यासारखं घट्ट. निवांत साप हातावर सैल पडतो, त्याचं वजन आपल्याला जाणवतं, तो सावकाश पुढे सरकतो, जीभ लांबवर काढून खालीवर हलवतो. या जिभेने तो हवेतले वासाचे कण टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसनच्या अवयवापर्यंत नेतो, म्हणजे तो आजूबाजूची चौकशी करत असतो. भीतीने गारठलेला साप चौकशी करत नाही. माझ्या मते साप पाळणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी हा फरक ओळखायला शिकवला पाहिजे. फुत्कारणारा, मानेचा ‘एस’ करून झेप घ्यायला बसलेला साप निदान आपल्याला स्पष्ट सांगतो. गोठलेल्या सापाला मात्र लोक कौतुकाने हातोहात फिरवतात.

त्यानंतर हात कुठून न्यायचा ते तुम्ही शिकवलंत. वरून कधीच नाही, कारण सापाला खाणारे पक्षी वरून येतात. बाजूने, खालून, त्याला दिसेल असा. तोंडासमोर तर मुळीच नाही, कारण अजगराच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता जाणवते आणि अंधारात पुढ्यात आलेला कोमट हात त्याला भक्ष्यच वाटू शकतो. सापाला पापण्या नसतात, तेव्हा तो झोपलाय की जागा आहे तेही डोळ्यांवरून कळत नाही. म्हणून आधी हुकाने, म्हणजे साप उचलायच्या वाकड्या टोकाच्या काठीने, किंवा कागदाच्या सुरळीने पाठीच्या मधल्या भागाला हलकेच स्पर्श करायचा आणि क्षणभर थांबायचं. रोज हेच केलं की हा स्पर्श झाला म्हणजे खाणं नाही, उचलणं आहे, हे त्याला कळत जातं. हात आधी धुवायचे ते उंदराचा वास राहू नये म्हणून, आणि नंतर धुवायचे ते सापाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो म्हणून. मुलीच्या बाबतीत हे दुसरं धुणं तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलं होतंत.

हातात घेतल्यावर धरायचं नाही, फक्त खालून आधार द्यायचा, दोन-तीन ठिकाणी. मानेजवळ आवळायचं नाही. जमिनीवर बसूनच घ्यायचं, निसटला तरी पडायची भीती नको. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे. आणि तो निवांत असतानाच परत ठेवायचं.

तो एकदा माझ्यावर झेपावला, तेव्हा मी दोन अगदी विरुद्ध सल्ले ऐकले. काही जण म्हणत होते, आता मुळीच सोडू नकोस, उचलूनच धर, नाहीतर झेप घेतली की माणूस पळतो हे तो शिकेल. दुसरे म्हणत होते, महिनाभर हात लावू नकोस. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात. हात झटक्याने मागे घ्यायचा नाही, पुढेही रेटायचा नाही. होता तिथेच स्थिर ठेवायचा, त्याची मान सैल पडली की सावकाश काढून घ्यायचा. पुढच्या वेळी एक पायरी मागे यायचं, म्हणजे नुसता स्पर्श करायचा आणि पेटी बंद. जबरदस्तीने धरून ठेवलेला साप शेवटी धडपड सोडतो, पण ती सवय नव्हे, त्याने हार मानलेली असते, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं, आणि तांबूच्या वागण्यात पुढे त्याचा प्रत्ययही आला. एक पायरी मागे आल्यावर तो दोन पायऱ्या पुढे गेला.

हिवाळ्यात त्याने खाणं सोडलं तेव्हाही तुम्ही मला घाबरू दिलं नाहीत. बॉल पायथन महिनोन्महिने उपाशी राहू शकतो. वजन करत राहा, तापमान पुन्हा तपासा आणि हाताळणी कमी करा, एवढंच सांगितलंत. पण वजन उतरत गेलं, श्वासाला आवाज यायला लागला किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले, तर त्याला स्वभाव समजून बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे लगेच न्या, हेही त्याच वाक्यात सांगितलंत. तशी वेळ आली नाही, पण काय बघत राहायचं हे माहीत असल्यामुळे मला झोप लागत होती.

माझ्या मुलीने तुम्हाला फोनवर विचारलं होतं, तांबूचं आमच्यावर प्रेम आहे का? तुम्ही तिला खरं उत्तर दिलंत. प्रेम आहे असं आपल्याला म्हणता येणार नाही, पण तू धोका नाहीस हे त्याला कळलंय, आणि लपून जगणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट आहे. ती जराही हिरमुसली नाही. तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येकाला ती हेच सांगते, आणि कुणी त्याला उचलायला पुढे झालं तर आधी त्याची जीभ बघायला लावते.

आता पेटीचं दार उघडून मी हात शेजारी ठेवते आणि वाट बघते. बहुतेक वेळा तो आपणहून मनगटावर येतो. कधी येत नाही, त्या दिवशी दार लावून घेते. सध्या त्याचे डोळे दुधाळ निळसर झालेत, कात टाकायला आलाय, नीट दिसत नसल्याने जरा चिडका आहे. म्हणून आर्द्रता थोडी वाढवलीय आणि कात पडेपर्यंत हाताळणी बंद आहे. तुम्हाला विचारायच्या आधीच केलं.

एक विचारायचं आहे. माझ्या मैत्रिणीकडे कॉर्न स्नेकचं पिल्लू आलंय. तो गोळा करून बसत नाही, हात दिसला की नुसता पळत सुटतो, आणि बारीक अंगामुळे कुठूनही निसटतो. थांबणं, लपायच्या दोन जागा, बाजूने हात नेणं हे मी तिला सांगितलंय. पण पळणाऱ्या सापाच्या बाबतीत निवांतपणा कशावरून ओळखायचा, ते मला नीट सांगता आलं नाही. तुमचा नंबर तिला दिला तर चालेल का? तुम्हाला वेळ नसेल तर मला सांगा, मी तिच्यापर्यंत पोचवीन.

तुमची आभारी,
तांबूच्या घरची